सहा लिव्हरचं म्हणून विकलं, आत दोनच

अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, शिंदखेडा या पट्ट्यात ज्यांचं हार्डवेअरचं किंवा कुलूप-चावीचं दुकान आहे, त्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. उन्हाळ्यात नवीन पितळी कुलूप घेतलेल्यांनीही वाचावं. नामांकित कंपनीच्या नावाची बनावट कुलपं खऱ्या मालात मिसळून आपल्या भागात खपवली जात आहेत. आमच्या दुकानात ती आली, आणि ती फक्त आमच्याकडेच आली असतील असं मला वाटत नाही.

आमचं दुकान अमळनेरला, लहानसं. काउंटरला एक व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), शेजारी चावी कापायचं मशीन, मागे भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. दिवसभर डुप्लिकेट चाव्या, गाड्यांची लॉकं, शटरची अडकलेली कुलपं आणि स्टीलच्या कपाटांची कामं असतात. वैशाखात उन्हाने शटर फुगतं, पट्टी खाचेत बसत नाही आणि लोक चावीवर जोर काढून ती आतच मोडतात, तेही काम आमच्याकडेच येतं. चावीच हरवलेली असेल तर नवी चावी अण्णा, म्हणजे माझे वडील, अजून हातानेच करतात. कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हलका पीळ द्यायचा आणि बाहेर काढायची. काजळीवर जिथे बारीक चकाकी उमटली असेल तिथे कानस मारायची, पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. घाई केली तर दाता जास्त घासला जातो आणि चावी वाया जाते. सांगायचा मुद्दा असा की कुलपाच्या आत काय असतं ते आम्हाला कळतं. तरीही आम्ही फसवले गेलो, इतकी ही फसवणूक नीट रचलेली होती.

आमचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, मागोमाग बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, लग्नसराई चालू असते, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. घरं बंद करून माणसं गावोगाव जातात आणि जाण्याआधी दाराला चांगलं कुलूप हवं म्हणून येतात. शेतकरी स्टार्टरच्या पेटीसाठी आणि शेतातल्या खोलीसाठी नेतात. मोटारीची केबल रातोरात कापून नेणं हा आपल्याकडचा जुनाच त्रास आहे, त्यामुळे शेतावर हलकं कुलूप कुणी लावत नाही.

फाल्गुन संपता संपता एक माणूस ऑर्डर घ्यायला आला. नीटनेटके कपडे, हातात सॅम्पलची बॅग, बोलणं अगदी मराठी-हिंदी मिसळलेलं, जसं फिरत्या विक्रेत्यांचं असतं. "शेठ, हंगामाच्या आधी भरून ठेवा, पुढच्या महिन्यात भाव वाढताहेत," असं म्हणाला. आम्ही नेहमी विकतो त्याच कंपनीची सहा लिव्हरची कुलपं त्याने दाखवली (लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतली, चावीने उचलली जाणारी पट्टी). माल अलीगढहून थेट येतो, मधला दलाल नाही, म्हणून थोडा स्वस्त पडतो, असं त्याचं म्हणणं. हे 'थोडा' महत्त्वाचं आहे. निम्म्या भावात देतो म्हणाला असता तर अण्णांनी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं. त्याचा भाव असा होता की आम्हाला बरा वाटावा आणि संशय येऊ नये. सॅम्पल खरंच अस्सल होतं. अण्णांनी त्यातलं एक व्हाइसमध्ये धरून तपासलं, काही खोट निघाली नाही.

अर्धे पैसे आधी आणि अर्धे माल हातात आल्यावर, असं ठरलं. पेट्या ट्रान्सपोर्टने आल्या, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) सोडवली, दुकानात आणून फोडल्या. प्रत्येक पेटीतलं वरचं खोकं उघडून कुलपं बघितली. चाव्या गुळगुळीत फिरत होत्या, वजन भरत होतं, दांड्यावर कानस घसरत होती. उरलेले पैसे त्याच संध्याकाळी दिले.

प्रत्येक पेटीत वरचा थर कंपनीचा अस्सल माल होता. त्याखालचे सगळे थर बनावट होते. दुकानदार वरचं बघतो, विकायलाही वरचंच आधी काढतो. त्यामुळे सुरुवातीला जी कुलपं गेली ती खरी गेली आणि कुणाची तक्रार आली नाही. तोवर तो माणूस आणि आमचे पैसे दोन्ही लांब निघून गेले होते. खालचा थर बाहेर यायला लागला तो नेमका आखाजीच्या गर्दीत.

पहिली खूण एका शेतकऱ्याने आणली. दोन शेजारी, बांधाला बांध लागून. दोघांनीही आमच्याकडून एकाच आठवड्यात कुलपं नेली होती. एकाची चावी घरी राहिली, म्हणून शेजाऱ्याने सहज आपली चावी त्याच्या पेटीला लावून बघितली. पेटी उघडली. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही कुलपं घेऊन दुकानात आला, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, मना कुलूपले त्यानी चावी कशी लागनी?"

मी त्याच्यासमोर चाव्या अदलाबदल करून बघितल्या. दोन्ही कुलपं दोन्ही चाव्यांनी उघडत होती, तेही अडखळून वगैरे नाही, अगदी आपल्याच चावीने उघडावं तशी.

अण्णांनी त्यातलं एक व्हाइसमध्ये धरलं, रिव्हेटची डोकी कानशीने उडवली आणि पत्रा उचलला. सहा लिव्हरच्या कुलपात पितळेच्या सहा पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला आपली स्प्रिंग. प्रत्येक पट्टीतली खाच वेगळ्या उंचीवर असते. चावीचे दाते प्रत्येक पट्टीला तिच्या ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात, सहाही खाचा एका ओळीत येतात, तेव्हाच आतला खिळा त्यातून सरकतो आणि कुलूप सुटतं. एक पट्टी जरी कमी-जास्त उचलली गेली तरी खिळा अडतो. या कुलपात पट्ट्या दोनच होत्या, त्याही पत्र्याच्या. बाकीची जागा गोल चकत्या घालून भरली होती, म्हणजे हलवलं तर आत काही खडखडू नये. चावीवर दाते मात्र सहाच्या हिशेबाने कापलेले. त्यातले बरेचसे कशालाच लागत नव्हते, फक्त दिसायला होते.

प्रत्येक लिव्हरला चार उंच्या धरल्या तर सहा लिव्हरमध्ये 4096 वेगवेगळ्या चाव्या होऊ शकतात. दोन लिव्हरमध्ये होतात फक्त 16. बनवणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. आम्ही एक डझन कुलपं काउंटरवर मांडली आणि प्रत्येक चावी प्रत्येक कुलपाला लावली. अख्ख्या डझनात चाव्यांचे तीनच प्रकार निघाले. म्हणजे आमच्याकडून कुलूप नेलेल्या कुठल्याही माणसाच्या खिशातल्या चावीने गल्लीतली आणखी दोन-चार घरं उघडली असती.

मग बाकीचं भराभर दिसत गेलं. लोहचुंबक अंगाला लावला तर चिकटला. अस्सल पितळेला चुंबक चिकटत नाही. वरचा दांडा पोलादी असतो, त्याला चिकटणारच, म्हणून चुंबक नेहमी अंगाला लावून बघायचा. बुडाला कानशीचा एक हात मारला तर पिवळ्या मुलाम्याखाली करडं लोखंड दिसलं. दांड्यावर कानस मारली तर भुसा पडायला लागला. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. हा दांडा हॅक्सॉच्या पात्याने बघता बघता कापला गेला. खोक्यावर छापलेला ग्राहक सेवेचा नंबर लावला तर तो अस्तित्वातच नव्हता.

बिल काढून बघितलं. पत्ता अलीगढचा, उत्तर प्रदेशातला. जीएसटी नंबर मात्र 07 ने सुरू होणारा. हा नंबर 15 अंकी-अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, उत्तर प्रदेशाचे 09, आणि 07 म्हणजे दिल्ली. सरकारच्या जीएसटीच्या साइटवर हा नंबर कुणालाही फुकट तपासता येतो. तिथे टाकला तर तिसऱ्याच नावाची पेढी निघाली, तिचा कुलपांशी संबंध नव्हता. कुणाचा तरी नंबर उचलून छापला होता. पैसे गेले होते ते एका खासगी माणसाच्या खात्यात. ऑर्डर घेणाऱ्याचा फोन बंद.

यानंतर बाजारातल्या ओळखीच्या माणसांनी जो सल्ला दिला त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. "जाऊ दे रे, थोडं थोडं करून काढून टाक, खेड्यावर कोण बघतंय." एकाने नाही, बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि काळजीपोटीच सांगितलं. पण कुलूप विकणं हे साखर विकण्यासारखं नाही. ज्याच्या घरी चोरी होईल त्याला कधी कळणारही नाही की दार कुलपामुळे उघडलं. तो स्वतःला दोष देत बसेल, नाहीतर शेजाऱ्यावर संशय घेईल, आणि एका गावात दोन घरांची बोलचाल बंद होईल. त्यापेक्षा आमचं नुकसान परवडलं.

कायद्याच्या बाजूनेही हा सल्ला घातक आहे, हे दुकानदारांनी नीट समजून घ्यावं. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 104 प्रमाणे खोटं व्यापारचिन्ह असलेला माल विकणं हाच गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत आणि दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत. आपण सगळी वाजवी काळजी घेतली होती, संशयाला जागा नव्हती, आणि विचारल्यावर माल कुणाकडून घेतला ते सगळं सांगितलं, एवढं दाखवता आलं तर सुटका आहे. माल बनावट आहे हे कळल्यानंतर एक जरी कुलूप विकलं तरी ही वाट बंद होते. काल फसवलेला दुकानदार आज फसवणारा ठरतो.

ग्राहक आयोगाकडे जाऊ असं मला वाटलं होतं. वकिलांनी सांगितलं की पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक धरला जात नाही. आमचे गिऱ्हाईक आमच्यावर तिथे तक्रार करू शकतात, आम्ही त्या माणसावर करू शकत नाही. आमच्यासाठी उरली पोलिसांत फसवणुकीची तक्रार. पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झालं आहे. बिल, बिल्टीची प्रत, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, सील करून ठेवलेली दोन न उघडलेली खोकी आणि उघडून ठेवलेलं एक कुलूप, एवढं घेऊन गेलो. आधी "हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे" असं ऐकावं लागलं. उघडलेलं कुलूप टेबलावर ठेवून आतल्या दोन पट्ट्या दाखवल्या तेव्हा अर्ज घेतला गेला. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत तोवर फार उशीर झाला होता. पैसे अजून परत आलेले नाहीत.

व्यापारी बांधवांना कळकळीने सांगतो. नवीन माणसाकडून माल घेतलात तर पेटी उलटी करून बुडाकडून फोडा. सगळ्यात खालच्या थरातलं एक खोकं काढून त्यातल्या डझनभर चाव्या एकमेकांच्या कुलपांना लावून बघा. अर्धा तास जातो, कंटाळवाणं काम आहे, पण ही एकच परीक्षा अशी आहे जिच्यातून बनावट लिव्हरचं कुलूप सहजासहजी सुटत नाही. मुलामा चांगला देता येतो, वजनासाठी आत शिसं घालता येतं, चमकणारं स्टिकर छापता येतं, पण वेगळ्या चाव्या करायच्या तर खरं कुलूपच बनवावं लागतं. आणि एक तरी कुलूप रिव्हेट उडवून उघडा. एका कुलपाची किंमत जाईल, जाऊ द्या. जीएसटी नंबर ऑर्डर देण्याआधी मागून तपासा, पैसे पेढीच्या नावाच्या खात्यातच टाका. खासगी खातं दिलं तर तिथेच थांबा.

घरी वापरणाऱ्यांनी कुलूप घेताना दुकानदाराला त्याच मापाची आणखी दोन कुलपं काढायला सांगून आपली चावी त्यांना लावून बघावी. चांगला दुकानदार याचा राग मानणार नाही. पक्कं बिल मागावं. आमच्याकडे आता कुलूप देताना आम्हीच हे करून दाखवतो.

ज्यांचे फोन नंबर आमच्याकडे होते त्यांना बोलावून कुलपं बदलून दिली. काहींच्या शेतावर जाऊन दिली. पण यात्रेच्या गर्दीत रोखीने घेऊन गेलेली बाहेरगावची माणसं आम्हाला शोधता आलेली नाहीत, त्यात आयाबाया होत्या, वारकरी होते, जळगाव-धुळ्याकडची कुटुंबं होती. तुमच्यापैकी कुणी वैशाखात अमळनेरच्या बाजारातून सहा लिव्हरचं पितळी कुलूप नेलं असेल तर आधी त्याच्या अंगाला चुंबक लावून बघा. चिकटला तर ते दारावरून काढा, दुसरं लावा, आणि घेतलेल्या दुकानात घेऊन जा. आमच्याकडचं असेल तर बिल नसलं तरी चालेल, कुलूप आणि चावी घेऊन या, बदलून मिळेल.