ऑनलाइन घेतलेली साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी: ५० हजारांच्या आत, रोजच्या वापरानंतर

आधी अंगठी कोणती ते सांगते. १८ कॅरेट पिवळं सोनं, निव्वळ वजन ३ ग्रॅम, वर एकच गोल हिरा. हिरा ५० सेंटचा, म्हणजे अर्धा कॅरेट, लॅबमध्ये तयार झालेला. रंग एफ, क्लॅरिटी (आतली स्वच्छता) व्हीएस१, सोबत आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा रिपोर्ट. बजेट ५० हजारांचं होतं आणि बिल त्याच्या आत बसलं. साखरपुड्यापासून ती माझ्या बोटात आहे. लग्न होऊनही आता बरेच महिने झाले. शाळेत शिकवताना, स्कूटर चालवताना, घरकामात ती हातातच असते. अंगठी उत्तम निघाली. एक तक्रार आहे, ती पुढे येईलच.

कोल्हापुरात दागिना म्हटलं की बोलणं तोळ्यात सुरू होतं. आजीचा साज, आईच्या पाटल्या, सगळं २२ कॅरेट, आणि उद्या मोडीला नेलं तर काय हातात येईल हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळे हिऱ्याची अंगठी, तीही ऑनलाइन, असं निघाल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "मोडायची वेळ आली तर हिऱ्याचं काय येतं?" हा प्रश्न जुनाट म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही. आमची सगळी निवड शेवटी याच प्रश्नाच्या आधाराने झाली.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, चार पेढ्यांवर विचारलं तेव्हा उत्तर साधारण एकच मिळालं. सोन्याचे त्या दिवसाच्या भावाने पैसे मिळतात. खड्याचं ज्याच्या त्याच्या दुकानाच्या नियमावर. हिरा खाणीतला असला तरी विकताना घेतल्या किमतीला बरीच कात्री लागते, आणि लॅबच्या हिऱ्याला तर बहुतेक जण हातच लावत नाहीत. लॅबच्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत, त्यामुळे आज घेतलेला खडा उद्या काय भावाने विकायचा हे त्यांनाही सांगता येत नाही.

मग आम्ही दोन कोटेशनं शेजारी ठेवली. ५० हजारांत खाणीतला हिरा २५ ते ३० सेंटचा बसत होता, आणि बिलातला मोठा वाटा खड्याचा होता. लॅबचा ५० सेंटचा घेतला तर खडा बिलाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि सोनं निम्म्याच्या वर. उरलेली घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. म्हणजे मोडीत काही मिळेल असा भाग दुसऱ्या अंगठीत जास्त होता, आणि हिराही दिसायला मोठा. सासूबाईंना कागदावर हे मांडून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हीच घ्या की. सोनं तर सोनंच राहतंय."

लॅबचा हिरा म्हणजे नकली हिरा नव्हे, हे मात्र स्पष्ट लिहायला हवं, कारण आमच्याच नातेवाइकांत अजून गैरसमज आहे. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, तो वेगळा पदार्थ. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, तोही वेगळा. लॅबचा हिरा शुद्ध कार्बनच असतो. कठीणपणा तोच, चमक तीच. सीव्हीडी आणि एचपीएचटी या दोन पद्धतींनी तो बनतो आणि आपल्याकडे सुरत हे त्याचं मोठं केंद्र आहे. दुकानातल्या साध्या पेनसारख्या टेस्टरवर तो हिरा म्हणूनच लागतो. खाणीतला की लॅबचा हे ओळखायला वेगळी यंत्रं लागतात. म्हणून रिपोर्टशिवाय घेऊ नये, दोन्हीपैकी कुठलाच.

आता खडा निवडण्याबद्दल. ऑनलाइन दुकानांवर पर्याय असे येतात: एसआय-आयजे, एसआय-जीएच, व्हीएस-जीएच, व्हीव्हीएस-ईएफ. यात आधी क्लॅरिटी, मग रंग. रंगाचं अक्षर जितकं पुढचं तितकी पिवळसर झाक जास्त. प्रत्येक पायरीला किंमत चढते आणि चॅटवर बसलेली माणसं वरच्या पायरीकडे ढकलतात. माझं मत ठाम आहे: बजेट मर्यादित असेल तर व्हीव्हीएसवर पैसे घालू नका. क्लॅरिटी बघतात ती दहापट भिंगाखाली. व्हीएसमधले दोष उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. एसआयसुद्धा चालतो, फक्त मधोमध, वरच्या सपाट पैलूखाली काळा ठिपका नसावा. दुकानाच्या साइटवरचा खड्याचा व्हिडिओ थांबवून बघितला की कळतं. रंगाचंही तसंच. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये पिवळसर झाक उठून दिसते, पण पिवळ्या सोन्यात एच किंवा आय रंगसुद्धा छान पांढरा वाटतो. आमचा एफ आला तो लॅबच्या हिऱ्यात एफ आणि एचच्या किमतीत फारसा फरक नव्हता म्हणून. खाणीतला घेतला असता तर मी एचवरच थांबले असते. लॅबच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न विचारा: खड्यात तपकिरी किंवा निळसर झाक आहे का? सीव्हीडीत पहिली, एचपीएचटीत दुसरी कधीकधी असते, आणि ती रंगाच्या अक्षरावरून कळत नाही. आम्ही लेखी विचारलं, लेखी उत्तर घेतलं.

पैसे घालायचे ते कटवर, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावर. प्रकाश आत जाऊन वरच परत यायला हवा, आणि ते घडतं पैलूंच्या कोनांमुळे. खडा जास्त खोल कापला तर वजन खाली तळाशी दडतं आणि वरून लहान दिसतो. पैसे मात्र सगळ्या वजनाचे जातात. म्हणून रिपोर्टवर सेंट बघितल्यावर लगेच मिलिमीटर बघा. चांगल्या कटचा ५० सेंटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर भरतो, १ कॅरेटचा ६.५. वजन दुप्पट, पण रुंदीत फरक एवढाच. आम्हाला दाखवलेला एक ५० सेंटचा खडा ४.९ पण भरत नव्हता. तो ग्रेडने वरचा होता, तरी सोडला. कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींना वरची श्रेणी आणि खोली रुंदीच्या ६० ते ६२ टक्क्यांच्या आसपास, या अटीवर शोधलं की यादी आपोआप छोटी होते. आणखी एक: खाणीतला घेणाऱ्यांनी ५० सेंटऐवजी ४६-४७ सेंटचा शोधावा. ३०, ५०, १०० अशा पूर्ण आकड्यांवर कॅरेटमागचा भावच उडी मारतो. डोळ्याला तो फरक दिसत नाही.

सोन्याच्या बाजूला लोक फार कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते खरी काळजी तिथे घ्यायची. खडेजडित अंगठीला २२ कॅरेट मऊ पडतं, खडा धरणारे प्राँग वाकतात, म्हणून १८ किंवा १४ कॅरेट घ्यावं. आम्ही १८ घेतलं, कारण गुजरीत मोडीला १४ कॅरेटचं नाव काढल्यावर चेहरे उत्साही दिसले नाहीत. हॉलमार्क पाहायचा: बीआयएसचं चिन्ह, १८ कॅरेटसाठी ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. पण २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि स्वस्तातल्या नाजूक अंगठ्या नेमक्या तेवढ्याच वजनाच्या असतात. १.६, १.८ ग्रॅमच्या सुंदर अंगठ्या स्क्रीनवर भरपूर दिसल्या. किंमतही मोहात पाडणारी. आम्ही त्या बघणं बंद केलं. एक तर हॉलमार्क असेलच याची खात्री नाही, आणि रोजच्या वापरात इतकी बारीक कडी वाकते.

बिलात निव्वळ वजन आणि एकूण वजन वेगळं लिहून घ्या. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणून आमचा हिरा ०.१ ग्रॅमचा. तो सोन्यात धरला गेला तर हिऱ्याचे पैसे देऊन वर त्याच वजनाचे सोन्याच्या भावाने पुन्हा द्यावे लागतात. एका खड्यात रक्कम लहान असते, बारीक खड्यांची रांग असली की वाढते.

माप घेताना दोऱ्याच्या भरवशावर राहू नका. कंपनीने प्लॅस्टिकचा सायझर पाठवला होता, त्यावर १२ आणि १३ दोन्ही बसत होते. मी महाद्वार रोडवरून १३ नंबरची साधी चांदीची वेढणी घेतली आणि आठवडाभर घालून फिरले. सकाळी सैल, संध्याकाळी नीट, उन्हातून आल्यावर किंचित घट्ट, पण सांध्यावरून निघत होती. मग १३ पक्का केला. चांदीच्या वेढणीला काहीशे रुपये गेले, आणि अंगठी परत पाठवून माप बदलण्याचा सगळा व्याप वाचला. कडीवर चहूबाजूंनी खडे बसवलेली अंगठी घेणार असाल तर हे करायलाच हवं, कारण तिचं माप नंतर सहसा बदलता येत नाही.

पार्सल विम्यासकट, सीलबंद आलं, ओटीपी देऊन घेतलं. उघडताना नवऱ्याने सलग व्हिडिओ घेतला. त्याच दिवशी गुजरीत ओळखीच्या सराफांकडे नेली. काट्यावर वजन बिलाप्रमाणे भरलं. बीआयएस केअर अॅपवर एचयूआयडी टाकला, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार जुळला. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावून हिऱ्याची कड फिरवत बघितली आणि मलाही दाखवली. कडेवर लेझरने कोरलेली बारीक अक्षरं होती, एलजी (लॅब-ग्रोन) आणि पुढे नंबर. रिपोर्टवरचा नंबर मी एकेक आकडा वाचत गेले, ते भिंगातून मान हलवत गेले. ही दहा मिनिटं कुणीही चुकवू नयेत. रिपोर्ट खरा असतो, पण तो याच खड्याचा आहे हे त्या कोरीव नंबरावरूनच ठरतं.

आता रोजच्या वापराबद्दल. हिऱ्यावर एक ओरखडा नाही. सोन्यावर आहेत, विशेषतः तळहाताच्या बाजूला, स्कूटरच्या मुठीमुळे. ते पॉलिशने जातील. खडा उंच बसवलेला नाही हा निर्णय मला दरवेळी बरोबर वाटतो. मैत्रिणीची उंच कोंदणाची अंगठी स्वेटरमध्ये, केसांत, पर्सच्या चेनमध्ये सारखी अडकते. माझी हातमोज्यातही जाते.

चमक मात्र आपली आपण टिकत नाही. हिऱ्याला तेलाचं आकर्षण असतं. डोक्याला तेल लावलं, हाताला क्रीम लावलं की खालच्या बाजूने थर बसतो आणि खडा निस्तेज दिसतो. लोकांना वाटतं हिरा खराब निघाला. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, त्यात अर्धा तास अंगठी, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालून घासायचं आणि स्वच्छ पाण्यातून काढायची. पातेल्यात करा, सिंकवर नको. पहिल्यांदा धुतली तेव्हा वर्गाच्या खिडकीपाशी तिसरीतल्या पोरी हात धरून बघत बसल्या होत्या. कणीक मळताना आणि भाकरी थापताना मी ती काढून ठेवते. पीठ प्राँगखाली वाळलं की निघता निघत नाही. ब्लीचपासूनही लांब ठेवा. दुसऱ्या दागिन्यांच्या डबीत टाकू नका, हिरा बाकीच्या सोन्याला चरे पाडतो.

तक्रार ही. काही महिन्यांनी ओढणीचा धागा एका प्राँगला अडकायला लागला. गुजरीतल्या कारागिराला दाखवलं. भिंग लावून म्हणाला, "ताई, हा काटा जरा उचललाय. खडा अजून हलत न्हाई, पण असाच ठेवला तर पुढं हलंल. मी दाबून देतो, पण तुमची गॅरंटी असंल तर आधी कंपनीला विचारा." विचारलं. बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते असं उत्तर आलं, म्हणून पाठवली. दुरुस्ती फुकट झाली आणि नीट झाली, पण अंगठी परत यायला महिन्याच्या आसपास लागला, आणि दरम्यान कुठे आहे हे विचारायला प्रत्येक वेळी मलाच फोन करावा लागला. गावातल्या सराफाकडे हे काम अर्ध्या तासाचं होतं. ऑनलाइन घेताना वाचलेल्या पैशाच्या बदल्यात हे सोसावं लागतं. चारऐवजी सहा प्राँगची घडण मिळत असेल तर ती घ्या. एक सैल झाला तरी बाकीचे पाच धरून ठेवतात. हजार-पाचशे जास्त गेले तरी चालतील, क्लॅरिटीची एक पायरी खाली उतरा.

घरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवण्याजोगा, विकताना किंमत धरणारा खडा हवा असेल तर ५० हजारांत हिऱ्याच्या वाटेला जाऊ नका, तेवढ्याचं २२ कॅरेट सोनं घ्या. रोज घालायची, आवडती, डोळ्याला सुख देणारी साखरपुड्याची अंगठी हवी असेल तर ही निवड मी पुन्हा करीन. धाकट्या दिराचं यंदा जमलंय, त्याच्यासाठी शोध सुरू आहे: लॅबचा ४५ ते ५० सेंट, सहा प्राँग, सोनं ३ ग्रॅमच्या वर. सोन्याचा भाव चढलाय, त्यामुळे यावेळी बजेट ६० हजारांपर्यंत न्यावं लागेल असं दिसतंय.