तांबे, कमी खारे पाणी की टँक ट्रान्सफर: मरीन टँकमधला व्हाईट स्पॉट आणि माशांची निवड

घरच्या मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कोणते मासे ठेवावेत आणि त्यांना परजीवींची लागण झाली तर कोणता उपचार करावा, हे दोन प्रश्न बहुतेक जण वेगवेगळ्या वेळी विचारतात; पहिला दुकानात उभे राहून, दुसरा माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसल्यावर रात्री अकरा वाजता. वास्तविक मासा निवडतानाच त्याला पुढे कोणता उपचार सोसेल हेही बरेचसे ठरून जाते, म्हणून येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे. डोळ्यांसमोर आहे ती साधारण २०० लिटरची, लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला सच्छिद्र दगड) असलेली टाकी आणि क्लाउनफिशच्या जोडीनंतर पुढचा मासा कोणता आणावा या विचारात पडलेला हौशी पालक.

नेहमी गाठ पडणारा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, ज्याला मरीन इच किंवा नुसते व्हाईट स्पॉट म्हणतात. तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली तीन ते सात दिवस पोसला जातो, मग गळून वाळूवर किंवा दगडावर स्वतःभोवती कवच तयार करतो, त्या कवचात विभागत राहतो आणि शेवटी असंख्य पोहणारी पिल्ले पाण्यात सोडतो. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले की औषध लागू पडले असे वाटते, पण ते औषधाविनाही नाहीसे झाले असते आणि आठवड्याभराने दुपटीने परतले असते. कवचातून पिल्ले बाहेर पडायला ७२ दिवसांपर्यंत वेळ लागल्याची नोंद असल्यामुळे मासे उपचारासाठी वेगळ्या, म्हणजे क्वारंटाइन, टाकीत हलवून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा प्रघात आहे. उपचार कोणताही निवडला, तरी हा रिकामा काळ टळत नाही.

तांबे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आयनिक, म्हणजे मुक्त, तांब्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तर चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या संयुगाने बांधून ठेवलेल्या, प्रकारात २ मिलिग्रॅमच्या किंचित वर ठेवतात; म्हणजे बाटलीवरचा प्रकार न वाचता दुसऱ्याचा आकडा उचलला तर मासा तरी मरतो किंवा परजीवी तरी जगतो. तांबे फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते, त्यामुळे मात्रा एक दिवसही खाली न जाऊ देता किमान दोन आठवडे, सावधपणे वागायचे तर महिनाभर, ती टिकवावी लागते. त्याची जमेची बाजू अशी की अॅमिलोऊडिनियम, म्हणजे वेल्वेट, या दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करणाऱ्या रोगावरही ते चालते. मुख्य टाकीत मात्र ते कधीही घालू नये. सुरुवातीच्या काळात मी ते घातले होते: संध्याकाळी टेस्ट किटच्या नळीत अपेक्षित निळा रंग आला, सकाळी तो जवळजवळ उतरला होता, कारण लाइव्ह रॉकने तांबे शोषून घेतले होते, आणि दगडामागे दोन्ही कोळंब्या आडव्या पडल्या होत्या.

कमी खारेपणाचा उपाय औषधाविना होतो, म्हणून तो सौम्य समजला जातो, पण शिस्त त्याला सर्वांत जास्त लागते. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) दोन दिवसांत १.००९ वर आणून ते तेथेच आठवडेच्या आठवडे ठेवायचे, पीएच घसरू द्यायचा नाही आणि परत चढवताना घाई करायची नाही. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट केलेला (अचूक जुळवलेला) नसेल आणि प्रत्यक्ष आकडा १.०१२ असेल, तर सारा खटाटोप वाया जातो. शिवाय वेल्वेटवर या उपायाचा परिणाम होत नाही आणि इचच्याही काही जाती कमी खारेपणात तग धरतात. चपट्या कृमींवर तो बऱ्यापैकी चालतो, पण त्यांच्यासाठी प्राझिक्वान्टेल हे सुटसुटीत औषध उपलब्ध असताना केवळ तेवढ्यासाठी हा मार्ग मी धरणार नाही.

टँक ट्रान्सफरमध्ये दर ७२ तासांनी मासा पूर्णपणे कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा. गळलेला परजीवी कवचात असतानाच मासा तेथून निघून जातो आणि असे चार वेळा केले की सुमारे १२ दिवसांत तो इचपासून मुक्त होतो. दोन लहान टाक्या, एक एअरस्टोन आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे एवढ्यावर काम भागते. वेल्वेटवर हाही उपाय निरुपयोगी आहे, आणि प्रत्येक वेळी नवे खारे पाणी लागत असल्याने मिठाचा खर्च जाणवतो. तरीही पहिल्यांदाच मरीन टँक ठेवणाऱ्याला, मासे लहान व थोडे असतील तर, मी हाच मार्ग सुचवेन, कारण त्यात मोजमापाची चूक होऊन मासा मरण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

आता पुढच्या माशाचा प्रश्न. ब्ल्यू टँगला इच लवकर लागतो, तो वाढून ३० सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि ७२ तासांनी ४० लिटरच्या टाकीतून तसल्याच टाकीत त्याला हलवणे हे त्याचे हालच आहेत. त्याच्यासाठी तांबेच उरते आणि मुळात २०० लिटर त्याला अपुरे पडतात. डोमिनो डॅमसेल स्वस्त व काटक असतो, पण मोठा झाला की क्लाउनफिशला कोपऱ्यातून बाहेर पडू देत नाही, आणि सतत दबलेला मासा परजीवींना आधी बळी पडतो. मँडरिनच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असल्याने त्याला इच क्वचित लागतो. तांबे मात्र त्याला सोसत नाही, आणि नव्या टाकीत पुरेसे बारीक जीव नसल्याने तो उपाशी मरतो. वॉचमन गोबी किंवा फायरफिश या टाकीला शोभतात, फक्त फायरफिश उडी मारून बाहेर पडतो, म्हणून तो असेल तर झाकण हवेच. क्लीनर रास (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा मासा) आणला की इच जातो, हा समज खोटा आहे. परजीवी त्वचेच्या आत असतो आणि रास बहुधा भुकेने मरतो. समुद्री घोडे आणि कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे त्यांचा विचारच करू नये.

क्लाउनफिशची जोडी अजून घेतलेली नसेल, तर समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा हॅचरीत वाढवलेले घ्यावेत. पकडून आणलेल्या क्लाउनफिशमध्ये ब्रुकलिनेला हा दुसरा परजीवी वारंवार आढळतो. अंगावर राखाडी चिकट थर येतो, मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो, आणि या रोगावर वरच्या तिन्ही उपायांपैकी एकावरही भरवसा ठेवता येत नाही, फॉर्मेलिनच (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) लागते. दोन्ही मासे आकाराने सारखे घेण्याऐवजी एक ठळकपणे लहान घ्यावा, म्हणजे मोठी मादी व लहान नर अशी जोडी भांडण न होता जमते, आणि क्वारंटाइन टाकीत दोघांना पहिल्या दिवसापासून एकत्रच सोडावे.