साल्झबुर्गचा डुकाट आणि गुजरीतलं टंच मशीन

पुतळीहार घडवणाऱ्या गुजरीला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजाराला, परदेशी सोन्याचं नाणं नवं नाही. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाटच. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा डुकाट वजनाने तिच्याच जोडीचा. तिथला आर्चबिशप १८०३ पर्यंत संस्थानिकही होता आणि नाणी त्याच्याच नावाने पडत. असं नाणं टंचाला, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायला, न्यायचं असेल तर गुजरीतली टंच तपासणी कस सांगायला चोख, नाणं ओळखायला मात्र कुचकामी.

पवित्र रोमन साम्राज्याच्या १५५९ च्या नाणे-नियमानुसार कोलोनच्या एका मार्कातून, म्हणजे २३३.८६ ग्रॅमच्या वजनातून, ६७ डुकाट पाडायचे. नग ३.४९ ग्रॅम, टंच ९८.६ टक्के. मशीनवर ९९.९ आलं म्हणून खूश होऊ नका, तेवढं शुद्ध सोनं आजच्या बिस्किटाचं. ९१.६ आलं तर दागिन्याच्या सोन्यातली नक्कल समजा.

मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं. म्हणून एका ठिकाणच्या आकड्यावर पावती घेऊ नका. दोन्ही बाजू आणि मुखवट्याच्या डोक्यावरची कड, असं तिन्हीकडे लावायला सांगा. अशी नाणी गळ्यात घालायला कडी लावत. कडी काढली तरी ती जोडताना लावलेला डाक राहतो आणि कडेला चांदी, तांबं, जस्त एकदम वाढतं. सोनं खरं असतं, पण संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्यावरही येऊ शकते.

घनता काढायला पाण्यातलं वजन करून मागितलं तर आधी काटा बघा. हे नाणं पाण्यात जेमतेम ०.१८ ग्रॅम हलकं होतं. दहा मिलिग्रॅमच्या काट्यावर ०.१८ ला घनता १९.४ निघते, ०.१९ ला १८.४. असल्या उत्तराचा उपयोग शून्य. एक मिलिग्रॅमचाच काटा हवा. आणि कडेला बुडबुडा चिकटला की घनता कमी दिसते, तो ब्रशने झटकायचा.

कसोटीच्या दगडावर घासायला ठाम नकार द्या, पॉलिशलाही. नाणं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, बोटांनीही वाकतं.

खरी अडचण पुढेच. ऑस्ट्रियाची टांकसाळ १९१५ साल कोरलेला डुकाट आजही त्याच वजनाचा, त्याच कसाचा पाडते. मशीनला तो आणि आर्चबिशपचा डुकाट सारखाच. फरक भिंगातून दिसतो: आर्चबिशपच्या नाण्यावर गोंडे लोंबणारी टोपी आणि तिच्याखाली कुलचिन्ह. अक्षरांच्या कडा गुळगुळीत किंवा पृष्ठावर बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर साच्यात ओतलेली नक्कल.