आपली गाडी घेऊन नेपाळ की भूतान?

जळगावच्या मावसभावाला एमएच १९ ची गाडी परदेशात न्यायचीय, पण कुठे ते ठरेना.

ओळखपत्र दोन्हीकडे सारखंच: पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. आधारवर विसंबू नका. फरक पुढे आहे. नेपाळसाठी सोनौलीच्या सीमेवर आरसी, लायसन्स दाखवून दिवसांप्रमाणे पैसे भरले की भन्साराची (नेपाळी सीमाशुल्काची) पावती हातात. ती जपा, मुदत उलटली तर दंड. भूतानला फुंटशोलिंग या सीमेवरच्या गावी माणसांचा परवाना वेगळा, गाडीचा वेगळा. वर माणशी प्रतिरात्र १,२०० रुपये शुल्क. चौघं मोठे, पाच रात्री, म्हणजे २४,००० तिथेच.

गाडीचा विमा मात्र दोन्हीकडे त्या देशात लागू होईल असा वाढवून घ्याच. त्याला जास्तीचा हप्ता पडतो.

घरची सगळी मंडळी निघाली असतील तर नेपाळ. दोघंच असाल, निवांतपणा हवा असेल, तर भूतान.