अनाहाइम की ओरलँडो? पोरं आणि आजी-आजोबा घेऊन डिस्नीला जाण्याआधी

शिकागोहून नणंदेचा फोन आला. थोरला पाच वर्षांचा, धाकटा मार्चमध्ये तीन पूर्ण करणार, साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले, आणि डोक्यात डिस्नी. "वहिनी, तुम्ही दोन्हीकडे जाऊन आलात. एकच सांग, कॅलिफोर्निया की फ्लोरिडा?"

मी विचारलं, धाकटा दुपारी झोपतो का?

"झोपतो. नाही झोपला तर संध्याकाळी घर डोक्यावर घेतो."

मग अनाहाइम, म्हणजे कॅलिफोर्निया, असं मी म्हटलं खरं. पण माझ्या एका शब्दावर ती एवढ्या महागाची तिकिटं काढणार नव्हती, आणि काढूही नयेत. म्हणून हे सगळं नीट लिहून काढलं. आम्ही डॅलसचे, दोन्ही ठिकाणं विमानाने तीन तासांच्या आसपास, त्यामुळे अंतराने आमच्यासाठी निर्णय घेतला नव्हता. अनाहाइमला गेलो तेव्हा मुलगी चार वर्षांची आणि मुलगा सव्वा वर्षाचा होता. ओरलँडोला गेलो तोवर ती सात आणि तो सव्वाचार. दोन्ही वेळा आई-बाबा सोबत होते.

आधी आकार समजून घ्या, कारण बाकीचं त्यातूनच येतं. अनाहाइमचं डिस्नीलँड 17 जुलै 1955 ला उघडलं. 2001 मध्ये त्याच्यासमोर कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे दुसरं पार्क आलं. समोर म्हणजे अगदी समोर. दोन्हींची प्रवेशद्वारं एकाच चौकात एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. फ्लोरिडातलं, म्हणजे ओरलँडोचं, वॉल्ट डिस्नी वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 चं. तिथे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम अशी चार पार्कं, शिवाय वॉटर पार्क आणि हॉटेलं. सगळी जागा सुमारे 40 चौरस मैल. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान साधारण एवढंच भरतं. एका पार्कातून दुसऱ्यात जायचं म्हणजे बहुतेकदा गाडी, बस नाहीतर मोनोरेल आलीच.

आता झोप. लोक राईड मोजतात, मी खोलीच्या पलंगापासून गेटपर्यंतची मिनिटं मोजते. अनाहाइममध्ये हार्बर बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर डिस्नीची नसलेली साधी हॉटेलं ओळीने आहेत. तिथून रस्ता ओलांडून दहा मिनिटांत गेट. आम्ही सकाळी आठच्या आत आत, साडेअकराला बाहेर, खोलीवर वरण-भात (छोटा राईस कुकर सोबत नेला होता, लाजायचं काय त्यात), मग दोघंही पोरं आडवी, बाबांची वामकुक्षी, आणि चारला पुन्हा आत. त्याच तिकिटावर त्याच दिवशी परत आत सोडतात. रात्रीची आतषबाजी बघेपर्यंत कोणी रडलं नाही. तीन दिवसांत हा एकच डाव खेळलो आणि तो तिन्ही दिवस जमला.

ओरलँडोत हेच करायला गेलो आणि पहिल्याच दिवशी फसलो. मॅजिक किंगडमला गाडी थेट गेटाशी लावता येत नाही. गाड्या लावायची जागा तळ्याच्या पलीकडे, तिथून मोनोरेल किंवा बोट. दोन्ही प्रकार पोरांना आवडतात, सकाळी. दुपारी एकला, पेंगुळलेलं पोर खांद्यावर घेऊन तोच प्रवास उलटा करायचा, मग गाडी शोधायची, मग हॉटेल. पोर गाडीत झोपतं, हॉटेलाशी जागं होतं आणि मग झोपतच नाही. खोलीपासून सिंड्रेलाच्या किल्ल्यापर्यंत एक तास धरून चाला. डिस्नीच्याच हॉटेलात राहिलात तर बस गेटाजवळ सोडते, पण बसमध्ये स्ट्रोलर मिटावा लागतो. झोपलेलं पोर, मिटलेला स्ट्रोलर, दोन पिशव्या आणि आजीचा हात, एवढं एका वेळी कसं धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मॅजिक किंगडमला पायी जाता येईल असं काँटेम्पररी नावाचं हॉटेल आहे. खिसा तेवढा खोल असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही परत जायचा नाद सोडला. झोप पार्कातच. त्यासाठी मॅजिक किंगडममध्ये दोन सोन्यासारख्या जागा आहेत. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हे फिरणारं, थंडगार नाट्यगृह, साधारण वीस मिनिटांचा खेळ. आणि पीपलमूव्हर, डोक्यावरच्या रुळावरून संथ फिरणारी गाडी. धाकटा एकदा पहिल्यात झोपला, एकदा दुसऱ्यात. बाबा तर दोन्हींत झोपले.

उंचीचा हिशोब लोक शेवटी करतात आणि रांगेच्या तोंडाशी रडारड होते. दोन्हीकडे राईडच्या दाराशी मोजपट्टी असते आणि तिथे अर्ध्या इंचाचीही दयामाया नसते. पाचच्या आतल्या मुलांसाठी अनाहाइमचं डिस्नीलँड सरस आहे, असं माझं स्पष्ट मत. डम्बो, पीटर पॅन, चहाच्या कपबशा, छोट्या बाहुल्यांची ती नाव, हे दोन्हीकडे आहे आणि त्याला उंचीची अट नाही. पण ॲलिस, पिनोकिओ, केसी ज्युनिअरची आगगाडी, स्टोरीबुकच्या होड्या या अनाहाइमलाच मिळतात, आणि बहुतेक सगळ्या एका अंगणात असल्यासारख्या जवळजवळ. मिस्टर टोडची मोटारही तिथलीच. ती शेवटी थेट नरकात शिरते, लाल उजेड, नाचणारी भुतं. आमची मुलगी घाबरून मला चिकटली आणि आई म्हणाली, "एवढंच? आमच्या कीर्तनातला यमलोक याहून भारी असायचा." पायरेट्सची नाव अनाहाइममध्ये अंधारात दोनदा खाली घसरते, फ्लोरिडात एकदाच. चार वर्षांच्या पोराला हा फरक कळतो.

मोठी राईड हवी असलेलं पोर घरात असेल तर चित्र पालटतं. तेव्हा आकडे बघा. स्पेस माउंटनला अनाहाइममध्ये 40 इंच लागतात, फ्लोरिडात 44. मॅटरहॉर्न फक्त अनाहाइममध्ये, 42 इंच. फ्लोरिडात सात बुटक्यांची खाणगाडी आणि स्लिंकी डॉग, दोन्हींना 38, आणि पहिल्या खऱ्या रोलर कोस्टरसाठी या दोन उत्तम. नणंदेचा थोरला 43 भरतो. म्हणजे अनाहाइमला त्याच्यासाठी कमतरता नाही, आणि फ्लोरिडाच्या स्पेस माउंटनला मात्र एका इंचाने नाट लागेल.

धाकट्यामुळे आई-बाबांपैकी एकाने बसून राहायचं, असं करू नका. दोन्ही ठिकाणी रायडर स्विच आहे. दाराशी कर्मचाऱ्याला सांगायचं. एकजण थोरल्याला घेऊन रांगेतून जातो, दुसरा धाकट्यापाशी थांबतो, मग त्याला ती लांब रांग न लावता जाता येतं. थोरल्याला बहुतेक वेळा त्याच राईडची दुसरी फेरीही मिळते, त्यामुळे पाच वर्षांच्या पोराच्या नजरेत धाकट्या भावाची किंमत त्या दिवसापुरती वाढते.

रांग टाळायला जास्तीचे पैसे भरायचे का? लायटनिंग लेन नावाची ती सोय दोन्हीकडे आहे, पण वागणूक वेगळी. फ्लोरिडात आधी घरी बसून वेळा निवडायच्या असतात, डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी. अनाहाइममध्ये पार्कात पाऊल टाकल्यावरच निवड सुरू होते. आणि मुख्य गोष्ट: अनाहाइमच्या पीटर पॅन, डम्बो, ॲलिस या बाळगोपाळांच्या राईडना ती सोयच नाही. म्हणजे पाचच्या आतलं पोर असेल तर तिथे ते पैसे बरेचसे वायाच जातात. त्यापेक्षा लवकर उठा. गेट उघडायच्या आधी उभं राहायचं, पहिल्यांदा पीटर पॅन उरकायची, मग बाकीचं.

लवकर उठायचा विषय निघालाच आहे तर घड्याळाचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. शिकागो-डॅलसच्या लोकांसाठी कॅलिफोर्निया दोन तास मागे. पोरं तिथे पहाटे साडेचार-पाचला टक्क जागी होतात. घरी हा वैताग असतो, डिस्नीला हेच भांडवल. ओरलँडो आपल्यापेक्षा एक तास पुढे, म्हणजे सातला उठवायचं ते पोराच्या शरीराच्या सहाला. आमची मुलगी ओरलँडोत रोज सकाळी मोजे घालता घालता रडली. न्यूजर्सीकर असाल तर ओरलँडोचं आणि तुमचं घड्याळ एकच, तेव्हा हा मुद्दा सोडून द्या.

हवा. ओरलँडोत जून ते सप्टेंबर दुपारी वळीव आल्यासारखा पाऊस कोसळतो, विजा कडाडल्या की बाहेरच्या राईड थांबतात, आणि नंतर जे दमट होतं ते चिपळूणच्या मे महिन्यासारखं. अनाहाइमला उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाही, पण सूर्य मावळला की गारवा येतो. आजीची शाल आणि पोरांचे स्वेटर हवेतच. मार्चमध्ये दोन्हीकडे हवा बरी, गर्दी मात्र शाळांच्या सुट्ट्यांमुळे दांडगी.

खाण्याचं भय बाळगू नका. बाहेरचं खाणं दोन्हीकडे चालतं. काचेच्या बाटल्या आणि सुटा बर्फ नको, आणि गरम करावं लागेल असं काही नको. आम्ही दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू नेले. तपासणीच्या टेबलावर लाडवांकडे जरा निरखून बघितलं जातं, एवढंच. जिथे यंत्राच्या नळातून कोल्ड्रिंक भरून विकतात त्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो, मागायचा. दोन्हीकडच्या पार्कांत बेबी केअर सेंटर आहे: लंगोट बदलायला, अंगावर पाजायला, बाळाचं खाणं गरम करायला. डिस्नीलँडमध्ये ते मेन स्ट्रीटच्या टोकाशी आहे आणि हरवलेली मुलंही तिथेच आणतात. पहिल्या दिवशी पोरांना ती जागा आणि कर्मचाऱ्यांचा नावाचा बिल्ला दाखवून ठेवा. मनगटावर पेनाने फोन नंबर, हा जत्रेतला जुना उपाय इथेही चालतो.

संध्याकाळी आपलं जेवण हवं तर अनाहाइमहून आर्टिशियाचा पायोनिअर बुलेव्हार्ड जवळ आहे. ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासाच्या आत डोसा, चाट, वाणसामान, सगळं. ओरलँडोला डिस्नीच्या आवारातच सना नावाचं हॉटेल आहे, आफ्रिकी आणि भारतीय चवींचं. नान, कुलच्यासोबत ओळीने चटण्या, आणि खिडकीबाहेर जिराफ. बाबा अजून त्या जिराफाबद्दल बोलतात.

आणि इथेच माझा पारडं झुकवलेला हिशोब थोडा डगमगतो, कारण आजी-आजोबांना फ्लोरिडाच जास्त आवडलं. ॲनिमल किंगडममध्ये उघड्या ट्रकमधून खरे प्राणी दाखवतात, उंचीची अट नाही, बसूनच सगळं. तिथल्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं कल्पित राज्य उभं केलंय. पडझड झालेला राजवाडा, रंग उडालेल्या भिंती, पलीकडे वाघ. बाबा एका भिंतीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे आपल्या वाईच्या वाड्यासारखं केलंय, फक्त तिथे एवढी स्वच्छता नव्हती." एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. भारत त्यात नाही, हे आईने अकराही मोजून झाल्यावर दोनदा सांगितलं. पण चालणं फार. गुडघे कुरकुरत असतील तर चाकांची खुर्ची किंवा बॅटरीची गाडी भाड्याने घ्या, दोन्हीकडे मिळते, आणि आजोबांचं "मला काय झालंय?" हे ऐकू नका.

दिवस किती? अनाहाइम तीन दिवसांत नीट होतं, दोनात धावपळ करून. ओरलँडोला पाचाच्या खाली जायचं म्हणजे विमानाचे पैसे वाया. पोरं सहा-सातच्या पुढे गेली असतील, हाताशी आठवडा असेल आणि आजोबांना प्राणी बघायचे असतील, तर बिनदिक्कत फ्लोरिडा. विमानतळावरून डिस्नीच्या हॉटेलांना जी फुकट बस असायची ती मात्र 2022 च्या सुरुवातीला बंद झाली. जुनी माहिती वाचून भरवशावर राहू नका.

स्ट्रोलर दोन्हीकडे 31 इंच रुंद, 52 इंच लांब एवढाच चालतो, ओढायची वॅगन चालत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही स्ट्रोलर हवा, घरी कितीही चालत असला तरी.

राहता राहिलं तिकिट. तीन वर्षांखालच्या मुलाला दोन्हीकडे तिकिट नाही. तीन ते नऊ हा मुलांचा दर, आणि तो मोठ्यांच्या दराहून नावालाच कमी. हे वाचून नणंदेचा परवा पुन्हा फोन आला. सासऱ्यांना वाघ बघायचा होता, पण त्यांनी स्वतःच अनाहाइमला कौल दिला, वाघ दोन वर्षांनी बघू म्हणाले. धाकट्याचा वाढदिवस 11 मार्चला. तिने 7 तारखेचं विमान घेतलंय, 10 ला परत.