तुटणारे वायफाय आणि दोन अँटेनांचा यूएसबी अडॅप्टर: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या डेस्कटॉप संगणकाचे वायफाय दिवसातून अनेकदा तुटत असे, आणि त्यावर उपाय म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमारास मी दोन उभ्या अँटेनांचा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही रेडिओ पट्ट्यांवर चालणारा यूएसबी अडॅप्टर, म्हणजे संगणकाला वायफायशी जोडणारे छोटे उपकरण, घेतला. सोबत मीटरभर वायर असलेली प्लास्टिकची छोटी बैठक येते; अडॅप्टर त्या बैठकीत खोचायचा आणि वायर संगणकाला जोडायची. आधीचा अडॅप्टर नखाएवढा होता आणि तो संगणकाच्या मागच्या बाजूला कायमचा खोचलेला असे. नवा अडॅप्टर चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र जोडणी टिकू लागली याचे निम्म्याहून कमी श्रेय मी अडॅप्टरला देतो; उरलेले श्रेय बैठकीच्या त्या वायरीचे आणि राउटरमधल्या दोन-तीन सेटिंगचे आहे. म्हणूनच हा अनुभव थोडा विस्ताराने लिहीत आहे, कारण केवळ वस्तू बदलून ज्यांचा प्रश्न सुटेल असे लोक मला कमी वाटतात.

आमचे घर पुण्यातल्या एका सोसायटीत, भाड्याचे आहे. फायबरची जोडणी आणि कंपनीने दिलेला राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे, तर संगणक मागच्या खोलीत, टेबलाखाली. मध्ये दोन भिंती आणि त्यांपैकी एकीला टेकून उभे असलेले लोखंडी कपाट. त्याच खोलीत फोनचे वायफाय उत्तम चालते, आणि नेमके हेच दिशाभूल करते. फोन हातात, उंचावर आणि मोकळ्या हवेत असतो, सिग्नल कमी झाला तर मोबाइल डेटावर निमूटपणे सरकतो आणि आपल्याला काही कळतही नाही. टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीमागे अडकलेल्या अडॅप्टरला यांपैकी कोणतीच सवलत नाही.

‘नेट गेले’ या एकाच तक्रारीखाली निदान दोन वेगळे बिघाड दडलेले असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, न थांबता पिंग, म्हणजे उत्तर येते का आणि किती वेळात येते हे पाहणारी हाक, चालू ठेवावा आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. राउटर उत्तर देत आहे पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष फायबरमध्ये किंवा कंपनीकडे. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष आपल्या घरातला, वायफायचा. दोन्ही उत्तरे देत असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस तपासावा. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक वेळी राउटरच गप्प होत असे. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तोवर तक्रार झालेली होती. आलेल्या तंत्रज्ञाने राउटरसमोर उभे राहून स्वतःच्या फोनवर वेग मोजला, आकडा दाखवला, ‘लाइन क्लिअर आहे, साहेब’ असे सांगितले आणि तो गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण संगणक ज्या खोलीत आहे तिथे त्याने पाऊलही टाकले नाही.

विंडोजमध्ये वायफायचा अहवाल काढण्याची सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही आज्ञा इंग्रजीत दिली की गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि प्रत्येक तुटणे वेळेसह दाखवणारे पान तयार होते, ते ब्राउझरमध्ये उघडायचे. जोडणी का संपली याचे कारणही तिथे नोंदलेले असते: वापरणाऱ्याने तोडली, ड्रायव्हरने (अडॅप्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तोडली की संगणक झोपला. माझ्या अहवालात ड्रायव्हरने तोडल्याच्या नोंदी दोन प्रकारच्या वेळांना गोळा झालेल्या दिसल्या. काही दुपारी, संगणक नुसता चालू असताना. आणि काही रात्री, बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटोंची प्रत घेण्याच्या वेळेला. हा अहवाल हाती नसता तर या दोन गोष्टींचा संबंध जुळला नसता.

रात्रीच्या बिघाडाची शहानिशा करणे सोपे होते. राउटरला पिंग चालू ठेवला, उत्तरे दोन-तीन मिलिसेकंदांत येत होती. मग शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये लावलेल्या हार्ड डिस्कवर मोठे फोल्डर कॉपी करायला घेतले. काही क्षणांतच आकडे शंभराच्या, मग पाचशेच्या घरात गेले आणि त्यानंतर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळी एकाखाली एक पडू लागल्या. कॉपी रद्द केली, आकडे पुन्हा दोन-तीनवर आले. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.

हा प्रकार नवा नाही. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात त्याचे मोजमाप दिलेले आहे. यूएसबी ३.० ची वायर सेकंदाला ५ गिगाबिट या गतीने माहिती पाठवते आणि त्या संदेशांमुळे निर्माण होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. जवळ ठेवलेल्या, सिग्नल ग्रहण करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हा गोंगाट जवळजवळ २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभरपट वाढू शकतो. राउटरकडून दोन भिंती ओलांडून येणारा सिग्नल आधीच क्षीण असतो. यंत्राच्या कानाशी असा गोंगाट झाला तर त्याला तो सिग्नल ऐकूच येत नाही. हार्ड डिस्क, तिची वायर आणि पोर्ट हे तिन्ही गोंगाट करतात. म्हणून अडॅप्टर आणि डिस्क एकमेकांपासून दूर नेणे हाच खरा उपाय. वायरलेस माउस अडखळत चालण्याचे कारणही पुष्कळदा हेच असते, कारण तोही सहसा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो.

नव्या अडॅप्टरसोबत आलेल्या बैठकीचे मोल इथे कळले. वायरीमुळे अडॅप्टर टेबलाखालून टेबलावर, संगणकाच्या पेटीपासून आणि डिस्कपासून दूर, कपाटाच्या आडोशातून बाहेर आला. मागच्या पोर्टात थेट खोचल्यावर विंडोज ५२ टक्क्यांच्या आसपास सिग्नल दाखवत असे. टेबलावर तो ७८ पर्यंत गेला. अडॅप्टर तोच, राउटर तोच. उत्सुकतेपोटी जुना, नखाएवढा अडॅप्टरही एका साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरीला लावून टेबलावर ठेवून पाहिला, तेव्हा त्याचेही तुटणे लक्षणीय कमी झाले. तेव्हा ज्यांच्याकडे आधीच एखादा अडॅप्टर आहे त्यांनी नवीन घेण्यापूर्वी दीड-दोनशे रुपयांची वायर घेऊन पाहावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

दुसरी गोष्ट, जी खोक्यावरचे आकडे वाचून कोणालाच सुचणार नाही: मी हा यूएसबी ३.० चा अडॅप्टर मुद्दाम यूएसबी २.० च्या पोर्टात लावला आहे. या पोर्टाची कमाल गती कागदोपत्री ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास मिळते. आमची जोडणीच १०० मेगाबिटची असल्यामुळे त्यात काहीही गमावले जात नाही आणि अडॅप्टरचा स्वतःचा गोंगाट मात्र टळतो. खोक्यावर ठळक छापलेला १३०० हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ४०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज आहे. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे १३०० मेगाबिट त्यावर कधीही मिळणार नाहीत. ही बेरीज सगळेच उत्पादक करतात, पण ती वाचताना दर वेळी राग येतो.

दुपारच्या बिघाडाचे मूळ वेगळे होते. संगणक थोडा वेळ मोकळा राहिला की यूएसबी उपकरण काढल्यावर विंडोज जो खाली उतरणारा दुहेरी सूर वाजवते तो, कोणी हात लावलेला नसताना, वाजत असे आणि वायफायचे चिन्हच नाहीसे होत असे. हा वीज वाचवण्याच्या सोयीचा उपद्रव. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण असते, ती काढावी. शिवाय पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. डेस्कटॉपवर यातून वाचणारी वीज नगण्य आहे. मात्र ड्रायव्हर नव्याने बसला की ती खूण पुन्हा उमटू शकते. माझ्याकडे विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर तसे झाले आणि जुना सूर पुन्हा वाजू लागला तेव्हाच ते लक्षात आले.

राउटरच्या बाजूने पहिले काम म्हणजे दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देणे. एकच नाव ठेवले की कोणत्या यंत्राने कोणत्या पट्ट्यावर बसावे हे राउटर सुचवत राहतो, आणि सिग्नलच्या सीमेवरच्या खोलीतला संगणक या दोहोंमध्ये हेलपाटे घालतो. प्रत्येक हेलपाट्यात जोडणी क्षणभर तुटते. कंपनीच्या राउटरमध्ये ही सोय एका स्वयंचलित पर्यायाखाली झाकलेली होती, तो पर्याय बंद केल्यावर दोन स्वतंत्र नावे देता आली. आता संगणक फक्त ५ गिगाहर्ट्झवर असतो.

चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला राउटर वापरतो तो विशिष्ट भाग, हाही ‘ऑटो’वरून काढून निश्चित केला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच, आणि सोसायटीत संध्याकाळी तिन्हींवर गर्दी असते. तिथे निवडीला फारसा वाव नाही. भारतात या पट्ट्यात १३ पर्यंतचे चॅनेल चालतात, पण अमेरिकेसाठी बेतलेल्या काही अडॅप्टरना १२ आणि १३ दिसतच नाहीत. राउटर स्वतःहून तिथे गेला की नेटवर्क यादीतूनच गायब होते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, विशेषतः ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा आणखी मोठा भाग परवानामुक्त केल्यापासून. मात्र त्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले मानले जातात. तिथे बसणारा राउटर आधी साधारण मिनिटभर कानोसा घेतो आणि रडारसारखे काही जाणवले, खरे असो वा भास, तर काही सेकंदांत चॅनेल सोडून निघून जातो. फोनवर चित्रपट पाहणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. संगणकावर मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू असेल तर शिक्षिका वाक्याच्या मध्यावर गोठतात. चॅनेल ३६ वर राउटर स्थिर केल्यावर हा त्रास थांबला.

जोडणी घड्याळ लावल्यासारखी दर तासाला तुटत असेल, तर राउटरमधील गटाची सांकेतिक किल्ली (ग्रुप की, म्हणजे वायफायवरच्या सगळ्या यंत्रांची सामाईक किल्ली) बदलण्याचा काळ पाहावा. तो पुष्कळदा ३६०० सेकंद असतो आणि काही ड्रायव्हर त्या बदलाला अडखळतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्याच्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, फक्त राउटरच्या विजेच्या अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर पाहून घ्यावा.

आता अडॅप्टरच्या उणिवा. संगणक झोपेतून उठल्यावर अधूनमधून तो वायफाय म्हणून न दिसता सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, कारण त्याच्या पोटातच ड्रायव्हरची प्रत साठवलेली आहे आणि जागा झाल्यावर तो त्या अवस्थेतच अडकतो. वायर काढून पुन्हा लावावी लागते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा नवा ड्रायव्हर घातल्यावर हे कमी झाले, गेलेले नाही. बैठक इतकी हलकी आहे की वायरीच्या ताणानेच फिरते. मी ती दुहेरी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवली. एका अँटेनेचा सांधा सैल झाला आहे आणि ती हळूहळू आडवी होते. निळा दिवा रात्रभर लुकलुकतो, तो बंद करण्याची सोय नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात अडॅप्टर हाताला बराच गरम लागत असे, पण त्यामुळे जोडणी तुटल्याचे अहवालात दिसले नाही.

स्वतःचे घर असेल आणि भिंतीकडेने केसिंग पट्टी मारता येत असेल, तर हे काहीही घेऊ नये. राउटरपासून संगणकापर्यंत कॅट ६ ची नेटवर्क केबल टाकावी, ती शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि शेजाऱ्यांच्या राउटरांशी तिचे काही देणेघेणे नसते. आमच्या घरमालकांना भिंतीला भोके नको आहेत, म्हणून हा मार्ग. संगणकाची पेटी उघडण्याची तयारी असेल तर आत बसणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड झोपेतून उठण्याच्या तक्रारी टाळते, मात्र त्याच्या अँटेना वायरीने टेबलावर आणता येतात का हे पाहावे. पेटीच्या मागेच स्क्रू होणाऱ्या अँटेना टेबलाखाली तशाच कोंडल्या जातात. यूएसबी अडॅप्टरच घ्यायचा असेल तर मीटरभर वायरीची बैठक सोबत असलेलाच घ्यावा, त्याच नावाखाली वेगवेगळ्या चिपच्या आवृत्त्या विकल्या जात असल्यामुळे खोक्यावरचा आवृत्ती क्रमांक पाहून त्याचाच ड्रायव्हर उतरवावा, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी एकदा तरी रात्री आठ ते दहाच्या गर्दीत, शेजारी डिस्क कॉपी करत, राउटरला पिंग लावून तपासावा.