आधी सिनेमा की आधी पुस्तक?

भाचीनं विचारलं, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलेलं नाही, सरळ सिनेमे पाहू का?

वेळ बघशील तर सिनेमा जिंकतो. पीटर जॅक्सनचे तिन्ही भाग (२००१ ते २००३) मिळून सव्वानऊ तास, म्हणजे तीन रविवार. टोल्किनचं पुस्तक हजारेक पानांचं, त्यात गाणी आणि वंशावळीही.

समजायला न वाचताही अडत नाही. जिच्याभोवती गोष्ट फिरते त्या जादुई अंगठीचा इतिहास सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगितलाय. फक्त साउरॉन (अंगठी घडवणारा खलनायक) आणि सारुमान (एक जादूगार) यांत घोळ होतो. माझाही झाला होता.

खरी तफावत गाळलेल्या भागांत आहे. टॉम बॉम्बाडिल हा जंगलात राहणारा, गाणी म्हणणारा गूढ माणूस सिनेमात नाहीच, त्याचं मला फार दुःख नाही. पण पुस्तकात हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, घरी परततात तेव्हा त्यांचं गाव शायरच उद्ध्वस्त झालेलं असतं, झाडंसुद्धा तोडलेली. सिनेमात गाव जसंच्या तसं. लढाईची झळ दारापर्यंत येते ती पुस्तकातच.

शिवाय एकदा पडद्यावरचा गोलम, अंगठीच्या हव्यासानं विद्रूप झालेला तो प्राणी, पाहिला की दुसरा डोळ्यांसमोर येत नाही.

स्वतःचा गोलम हवा असेल, तर आधी वाच. जाड इंग्रजी पुस्तकाचा धसका असेल, तर खुशाल आधी सिनेमा. नावं ओळखीची झाली की पानं भराभर उलटतात.